टेक्सासमध्ये पिस्तूल परवाना: जुन्या खटल्याचा निकाल नेमका काय लागला होता?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्ते ह्यूस्टनच्या उपनगरात राहतात आणि 2010 पासून अमेरिकेचे नागरिक आहेत. 2011 मध्ये दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि ते प्रोबेशनवर सुटले. 2013 मध्ये घरात पती-पत्नीचे भांडण हातघाईवर आले, शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावले आणि कौटुंबिक मारहाणीचा गुन्हा नोंदवला गेला. त्यातही प्रोबेशन पूर्ण झाले, आणि त्या वेळच्या वकिलांनी ‘आता तुमच्या नावावर काही राहिलेले नाही’ असे सांगितल्याचे त्यांना आठवते. आता त्यांचे गॅस स्टेशन आहे, रात्री उशिरा रोकड घेऊन घरी यावे लागते, म्हणून पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना काढायचा आहे. जुन्या दोन प्रकरणांमुळे अर्ज फेटाळला जाईल का, अर्जात ती लिहिणे आवश्यक आहे का, आणि ग्रीन कार्डवर असलेल्या मेहुण्यांना, ज्यांना नव्वदच्या दशकात सांगलीच्या न्यायालयात मारामारीच्या खटल्यात शिक्षा झाली होती, हा परवाना मिळू शकेल का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दोन तुकड्यांत द्यावे लागेल. 2011 चे प्रकरण आज आड येऊ नये. 2013 चे प्रकरण मात्र एकतर अजिबात आड येणार नाही, किंवा जन्मभर आड येईल. या दोन टोकांमध्ये मधला मार्ग नाही, आणि यांपैकी कोणते खरे हे न्यायालयाचा तेव्हाचा अंतिम आदेश वाचल्याशिवाय कोणीही सांगू शकणार नाही. प्रशिक्षण देणारा इन्स्ट्रक्टर सांगू शकणार नाही, दुकानदार सांगू शकणार नाही, आणि मीही सांगू शकत नाही. म्हणून माझा आग्रह असा, की प्रशिक्षणाचे पैसे भरण्याआधी आणि अर्जाचे पहिले पान उघडण्याआधी दोन्ही खटल्यांच्या निकालपत्रांच्या साक्षांकित प्रती हातात घ्याव्यात. वीस वर्षांपूर्वीच्या प्रसंगाविषयी माणसाला अटक आठवते, तुरुंगातली रात्र आठवते, वकिलाला दिलेले पैसे आठवतात, पण निकाल बहुतेकदा चुकीचा आठवतो, आणि पात्रता ठरते ती फक्त निकालावर.

थोडी पार्श्वभूमी देते. टेक्सासमध्ये छुपे पिस्तूल बाळगण्याच्या परवान्याचा कायदा 1995 मध्ये झाला. तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी त्यावर स्वाक्षरी केली होती. लोक त्याला ‘सीएचएल’ म्हणत, आणि बरेच जण अजूनही म्हणतात. 1 जानेवारी 2016 पासून पिस्तूल होल्स्टरमध्ये उघडपणे बाळगण्यासही परवानाधारकांना मुभा मिळाली आणि परवान्याचे नाव ‘लायसन्स टू कॅरी’, म्हणजे ‘एलटीसी’ झाले. 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षांवरील पात्र व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते. मग परवाना हवाच कशाला, असे अनेक जण विचारतात. त्याची कारणे ठोस आहेत. शाळेच्या आवारापासून 1,000 फुटांच्या आत शस्त्र बाळगण्यावर केंद्रीय कायद्याची बंदी आहे आणि त्या राज्याचा परवाना असलेल्यांना तीतून सूट आहे. शहरात गाडी चालवताना ही 1,000 फुटांची हद्द आपण किती वेळा ओलांडतो हे आपल्या लक्षातही येत नाही. टेक्सासचा परवाना इतर अनेक राज्यांत मान्य होतो. शिवाय परवान्याशिवाय पिस्तूल बाळगण्याची 2021 ची मुभा सर्वांना नाही: ज्यांना केंद्रीय किंवा राज्य कायद्याने शस्त्र बाळगण्यासच मनाई आहे त्यांना ती नाही, आणि गेल्या पाच वर्षांत मारहाण करून इजा करणे, धमकावणे किंवा शस्त्र दाखवून दहशत घालणे अशा काही ठरावीक गुन्ह्यांत दोषी ठरलेल्यांनाही नाही. तेव्हा आपण परवाना काढा अथवा काढू नका, जुन्या निकालाचा प्रश्न टळत नाही.

आपल्याकडच्या शस्त्र परवान्याच्या अनुभवावरून इथला अंदाज बांधू नये, हेही आधीच सांगायला हवे. महाराष्ट्रात जिल्हाधिकारी किंवा पोलीस आयुक्त गरज पाहतात, पोलिसांचा अहवाल मागवतात आणि मग आपल्या अधिकारात निर्णय घेतात. जिवाला धोका असल्याचे अर्जदाराला पटवून द्यावे लागते. टेक्सासमध्ये कारण विचारले जात नाही. कायद्यातल्या अटी पूर्ण होत असतील तर सार्वजनिक सुरक्षा विभागाला, म्हणजे डीपीएसला, परवाना द्यावाच लागतो. अट पूर्ण होत नसेल तर चांगल्या वर्तणुकीचे दाखले, मंदिराच्या विश्वस्तांचे पत्र किंवा ओळखीपाळखी यांचा काही उपयोग नाही. त्यामुळे अर्जदाराने आपली बाजू मांडण्यात शक्ती घालवण्यापेक्षा अटी आणि तारखा नीट तपासण्यात घालवावी.

या अटी टेक्सासच्या गव्हर्नमेंट कोडच्या 411व्या प्रकरणात आहेत. जुन्या गुन्ह्यांशी संबंधित अटींचा आशय असा. फेलनीत, म्हणजे गंभीर वर्गातील गुन्ह्यात, कधीही दोषी ठरलेले नसावे. इथे वर्षांची मर्यादा नाही. क्लास ए किंवा क्लास बी मिसडिमीनरमध्ये, म्हणजे फेलनीहून कमी गंभीर गुन्ह्यांच्या वरच्या दोन वर्गांत, अर्जाच्या तारखेच्या आधीच्या पाच वर्षांत दोषी ठरलेले नसावे. अशा गुन्ह्याचा आरोप सध्या प्रलंबित नसावा. कौटुंबिक संरक्षण आदेश लागू नसावा. अल्पवयीन असताना फेलनीच्या दर्जाचे कृत्य केल्याचा निर्णय झाला असेल तर त्याला दहा वर्षे उलटलेली असावीत. आणि केंद्रीय व राज्य कायद्यानुसार पिस्तूल विकत घेण्यास अर्जदार पूर्णपणे पात्र असावा. ही शेवटची अट एका ओळीची आहे, पण तिच्यातून अख्खा केंद्रीय शस्त्र कायदा आत येतो, आणि माझ्या पाहण्यात सर्वाधिक लोक तिथेच अडखळतात.

पाच वर्षांच्या अटीत एक छोटा सापळा आहे तो सांगून पुढे जाते. क्लास सी हा सर्वांत खालचा वर्ग. त्यात तुरुंगवास नाही, जास्तीत जास्त 500 डॉलर दंड. वेगमर्यादा ओलांडल्याची पावती याच वर्गातली, म्हणून लोक क्लास सी मोजतच नाहीत, आणि ते सर्वसाधारणपणे बरोबरही आहे. अपवाद ‘डिसऑर्डर्ली कंडक्ट’चा, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी शांतताभंग करण्याचा. कायद्याने हा गुन्हा नाव घेऊन पाच वर्षांच्या यादीत घातला आहे. मोठा आरोप खाली आणून या कलमावर तडजोड करणे, दंड भरणे आणि विसरून जाणे, हे नेहमी घडते. ज्याचा असा निकाल चार वर्षांपूर्वीचा आहे त्याने आणखी एक वर्ष थांबावे.

आता आपले 2011 चे प्रकरण. दारू पिऊन गाडी चालवण्याचा पहिला गुन्हा टेक्सासमध्ये साधारणपणे क्लास बी मिसडिमीनर असतो. त्याची पाच वर्षे केव्हाच संपली. यासोबत दुसरा एक नियम पाहावा लागतो: दारू किंवा अमली पदार्थाचे सेवन हा ज्या गुन्ह्याचा कायदेशीर घटक आहे, असा क्लास बी किंवा त्याहून वरचा गुन्हा अर्जाआधीच्या दहा वर्षांत दोनदा सिद्ध झाला असेल, तर कायदा त्या व्यक्तीला व्यसनाधीन मानतो आणि परवाना नाकारला जातो. आपल्या बाबतीत असा गुन्हा एकच आहे आणि तोही या दहा वर्षांच्या बाहेरचा. म्हणून मी वर म्हटले की तो आड येऊ नये. मात्र एक दुरुस्ती करून ठेवा. आपण पत्रात दोन्ही प्रकरणांना ‘डिफर्ड’, म्हणजे दोषी ठरवण्याचा निर्णय राखून ठेवलेला खटला, असे म्हटले आहे. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या गुन्ह्यात डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशनची सोय टेक्सासमध्ये अनेक दशके नव्हती. पहिल्या गुन्ह्यासाठी, काही अटींवर, ती 1 सप्टेंबर 2019 पासून मिळू लागली. म्हणजे 2011 चा तो निकाल डिफर्ड असू शकत नाही. त्या गुन्ह्याखाली प्रोबेशन मिळाले असेल तर ती दोषसिद्धीच होती आणि फक्त शिक्षेची अंमलबजावणी स्थगित ठेवलेली होती. आरोप बदलून दुसऱ्या कलमावर निकाल झाला असेल तर गोष्ट वेगळी. तेही कागदावर दिसेल. परवान्यासाठी आज याने फरक पडत नाही, पण अर्जात ‘कधी दोषी ठरला होता का’ याचे उत्तर त्याने बदलते.

2013 च्या प्रकरणाकडे अधिक बारकाईने पाहायला हवे. टेक्सासमध्ये लोक ज्याला सरसकट प्रोबेशन म्हणतात त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात न्यायाधीश आरोपीला दोषी ठरवतात, शिक्षा सुनावतात, आणि तुरुंगात न पाठवता देखरेखीखाली ठेवतात. दुसऱ्यात आरोपी गुन्हा कबूल करतो किंवा आरोपाला विरोध करत नाही, पुरावा पुरेसा असल्याचे न्यायाधीश नमूद करतात, पण दोषी ठरवण्याचा निर्णय राखून ठेवतात. देखरेखीचा काळ नीट पार पडला की कामकाज बंद होते आणि खटला निकाली निघतो. हेच डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन. दोन्हींत दर महिन्याला प्रोबेशन अधिकाऱ्यापुढे हजेरी, दोन्हींत शुल्क, दोन्हींत समुपदेशनाचे वर्ग. म्हणून भोगणाऱ्याला फरक जाणवत नाही आणि दहा वर्षांनी तो आठवतही नाही.

कागदावर मात्र तो पहिल्याच पानावर दिसतो. निकालपत्राच्या माथ्यावर ‘ऑर्डर ऑफ डिफर्ड अ‍ॅडज्युडिकेशन’ असे शीर्षक आहे, की ‘जजमेंट ऑफ कन्व्हिक्शन’ असे आहे, ते आधी पाहा. मग खाली या. गुन्ह्याचे नाव, कलम आणि वर्ग पाहा. आपल्या पत्रावरून तो क्लास ए असावा. त्यानंतर कौटुंबिक हिंसाचाराबाबतचा निष्कर्ष नोंदवला आहे का ते पाहा; टेक्सासचे न्यायालय असा निष्कर्ष निकालात स्वतंत्रपणे लिहिते. शेवटी, फाईलमध्ये प्रोबेशन संपल्यानंतरचा आदेश शोधा. तो खटला बंद केल्याचा आहे, की मध्येच सरकारी वकिलांनी अटी मोडल्याचा अर्ज करून न्यायालयाला दोषी ठरवायला लावले होते, हे त्यातून कळेल. डिफर्डने सुरू झालेला खटला दोषसिद्धीने संपल्याची उदाहरणे कमी नाहीत, आणि त्या वेळी पक्षकाराला ते नीट समजावून दिलेले नसते.

समजा शीर्षक डिफर्डचे आहे आणि शेवटचा आदेश खटला बंद केल्याचा आहे. तरीही परवान्याच्या कायद्यात ‘काही झालेच नाही’ असा अर्थ होत नाही. गव्हर्नमेंट कोडचे हे प्रकरण स्वतःपुरते डिफर्डच्या आदेशालाही दोषसिद्धी मानते, प्रोबेशन पूर्ण होऊन सुटका झाली असली तरीही. म्हणजे मिसडिमीनरच्या डिफर्डलाही पाच वर्षांची अट लागते, आणि ती प्रोबेशन संपल्यापासून नव्हे तर आदेशाच्या तारखेपासून मोजायची. आपला आदेश 2013 किंवा 2014 चा असेल, तर तीही मुदत संपलेली आहे. फेलनीच्या डिफर्डसाठी वेगळी तरतूद आहे: आदेशाला दहा वर्षे पूर्ण झाली की तो दोषसिद्धी म्हणून धरला जात नाही, पण व्यक्तीविरुद्धच्या फेलनी, दरोडा व लुटालूट, संरक्षण आदेशाचा फेलनी दर्जाचा भंग आणि राहत्या घरातली घरफोडी यांना ही सवलत नाही. त्यांचा डिफर्डही कायमचा अडथळा ठरतो. आपला गुन्हा मिसडिमीनर असल्याने हा अपवाद आपल्याला लागू नाही.

आता समजा शीर्षक दोषसिद्धीचे आहे. राज्याच्या पाच वर्षांच्या अटीपुरते पाहिले तर तीही मुदत संपली आहे, आणि काही मंडळी इथेच थांबून ‘पाच वर्षे झाली, अर्ज करा’ असा सल्ला देतात. हा सल्ला धोकादायक आहे. 1996 मध्ये केंद्रीय शस्त्र कायद्यात लाउटनबर्ग दुरुस्ती झाली. तिच्यानुसार कौटुंबिक हिंसाचाराच्या मिसडिमीनर गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यक्तीला शस्त्र किंवा काडतूस जवळ बाळगणे हाच केंद्रीय गुन्हा आहे. पती-पत्नीच्या बाबतीत या बंदीला मुदत नाही. अशी व्यक्ती पिस्तूल विकत घेण्यास पात्र नसते, म्हणून राज्याचा परवानाही मिळत नाही. परवाना दूर राहिला, घरात किंवा दुकानाच्या गल्ल्याखाली ठेवलेले पिस्तूलसुद्धा तिला तुरुंगात नेऊ शकते. टेक्सासचा स्वतःचा दंड कायदा अशा व्यक्तीला सुटकेनंतर पाच वर्षांनी शस्त्र बाळगण्याची मुभा देतो. केंद्रीय कायदा देत नाही. राज्याची बंदी उठली म्हणजे आपण मोकळे झालो असे समजून कोणी पिस्तूल घेतले असेल, तर त्याने आज, अर्ज वगैरे बाजूला ठेवून, आधी वकिलाला भेटावे.

उलट, नीट पूर्ण झालेला टेक्सासचा डिफर्ड केंद्रीय शस्त्र कायद्यात दोषसिद्धी धरला जात नाही, कारण दोषसिद्धी झाली की नाही हे तो कायदा निकाल देणाऱ्या राज्याच्या कायद्यावरून ठरवतो आणि टेक्सासच्या सर्वसाधारण कायद्यात डिफर्ड ही दोषसिद्धी नाही. त्यामुळे 2013 चा निकाल खरोखर डिफर्ड असेल, तर आपण दोन्ही कायद्यांनुसार पात्र ठरावे. त्या वेळी पत्नीच्या अर्जावरून काढलेला संरक्षण आदेश आज लागू नाही, याची तेवढी खात्री करून घ्या. असा आदेश लागू असताना शस्त्र बाळगण्यावरची केंद्रीय बंदी सर्वोच्च न्यायालयाने जून 2024 मध्ये ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध रहिमी’ या टेक्सासमधूनच आलेल्या खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी वैध ठरवली आहे.

प्रश्नकर्त्यांना फेलनीचा मुद्दा लागू नाही, पण हे उत्तर इतरही वाचतील म्हणून त्यातल्या तीन गोष्टी सांगते. पहिली, ‘मी फक्त काउंटी जेलमध्ये होतो, म्हणजे गुन्हा किरकोळच असणार’ हा समज. टेक्सास दंडसंहितेच्या कलम 12.44 ला दोन उपकलमे आहेत. पहिल्याखाली स्टेट जेल फेलनीला, म्हणजे फेलनीच्या सर्वांत खालच्या वर्गाला, क्लास ए मिसडिमीनरची शिक्षा दिली जाते, पण दोषसिद्धी फेलनीचीच राहते. दुसऱ्याखाली खटलाच मिसडिमीनर म्हणून चालतो आणि दोषसिद्धी मिसडिमीनरची होते. कोठडीतले दिवस दोघांचे सारखेच असू शकतात. एकाचा हक्क जातो, दुसऱ्याला पाच वर्षे थांबावे लागते. निकालपत्रात कंसातले अक्षर ‘ए’ आहे की ‘बी’, एवढाच पुरावा.

दुसरी, काळाबरोबर गुन्ह्याचा वर्ग बदलला असेल तर. 1 सप्टेंबर 2015 पूर्वी टेक्सासमध्ये 1,500 डॉलरच्या वरची चोरी स्टेट जेल फेलनी होती. आता ती मर्यादा 2,500 डॉलर आहे. 2005 मध्ये 1,800 डॉलरच्या चोरीत फेलनीत दोषी ठरलेली व्यक्ती आज तेच कृत्य करती, तर तो क्लास ए मिसडिमीनर झाला असता. परवान्याच्या कायद्यात यासाठी सवलत आहे: अर्ज करताना तो गुन्हा टेक्सासमध्ये फेलनी राहिलेला नसेल, तर तो फेलनी धरायचा नाही. पण दोषसिद्धीच्या वेळी तो एक वर्षाहून अधिक शिक्षेस पात्र असलेली फेलनी होता, आणि केंद्रीय कायद्याची बंदी नेमक्या अशा गुन्ह्यांवर आहे. राज्याची सवलत वाचून आनंदाने अर्ज भरणाऱ्यांनी ही दुसरी बाजू स्वतंत्रपणे तपासून घ्यावी.

तिसरी गोष्ट आशेची आहे आणि ती पुरेशी माहीत नाही. फेलनीत प्रोबेशन यशस्वीपणे पूर्ण करणाऱ्याला सोडताना न्यायाधीश दोन प्रकारचे आदेश देऊ शकतात. साध्या आदेशाने देखरेख संपते, दोषसिद्धी राहते. दुसऱ्या आदेशाने निकालच रद्द करून आरोप फेटाळले जातात आणि व्यक्ती दोषसिद्धीमुळे आलेल्या निर्बंधांतून मुक्त होते. याला ‘ज्युडिशियल क्लेमन्सी’ म्हणतात. टेक्सासच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने 2002 मध्ये ‘क्युएलार विरुद्ध राज्य’ या निकालात असा आदेश मिळालेली व्यक्ती शस्त्रबंदीच्या कलमासाठी फेलनीत दोषी नाही असे म्हटले, आणि परवान्याच्या कायद्यातही रद्द झालेली दोषसिद्धी मोजली जात नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याच्या आणि लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव जाणाऱ्या गुन्ह्यांना हा मार्ग बंद आहे. आपल्याला यांपैकी कोणता आदेश मिळाला होता हे अनेकांना ठाऊक नसते. फाईलच्या तळाशी असलेला तो एक पानाचा कागद मी दर वेळी आधी काढायला सांगते. ज्यांना तो नाही त्यांच्यासाठी गव्हर्नरची क्षमा उरते, आणि तीही क्षमा व पॅरोल मंडळाने शिफारस केली तरच देता येते.

आता दुसरा प्रश्न, अर्जात लिहायचे का. लिहायचे. अर्जात विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पूर्ण आणि खरे द्यायचे. महत्त्वाची माहिती लपवणे किंवा चुकीची देणे हे परवाना नाकारण्याचे स्वतंत्र कारण आहे, आणि सरकारी कागदपत्रात खोटी माहिती देणे हा गुन्हाही आहे. पात्र असलेल्या माणसाने केवळ लाजेपोटी जुने प्रकरण गाळले आणि त्यामुळेच अर्ज गमावला, असे होऊ देऊ नका. बोटांचे ठसे घेतले जातात, राज्याच्या आणि एफबीआयच्या नोंदी तपासल्या जातात. अटकेची नोंद त्यांत असतेच. ‘एक्सपंक्शन’ झाले असेल, म्हणजे न्यायालयाने नोंदी नष्ट करण्याचा आदेश दिला असेल, तर ती दोषसिद्धी धरली जात नाही. पण ते बहुधा निर्दोष सुटलेल्यांना किंवा आरोप मागे घेतलेल्यांनाच मिळते. क्लास ए मिसडिमीनरच्या डिफर्डला मिळत नाही. ‘नॉनडिस्क्लोजर’चा आदेश निराळा आहे. त्याने खासगी मालकांना आणि घरमालकांना नोंद दिसेनाशी होते. पोलीस यंत्रणेला ती दिसते, आणि या नोंदी ज्या विभागाकडे असतात तोच विभाग परवाना देतो. कौटुंबिक हिंसाचाराचा निष्कर्ष असलेल्या प्रकरणात तर तो आदेशही मिळत नाही. तेव्हा ‘तुमच्या नावावर काही राहिलेले नाही’ या वाक्याचा अर्थ फार तर ‘दोषसिद्धी नाही’ एवढाच असू शकतो.

कागद मिळवण्याची पद्धत सोपी आहे. मिसडिमीनरच्या निकालाची साक्षांकित प्रत ज्या काउंटीत खटला चालला तिथल्या काउंटी क्लार्ककडे मिळते, फेलनीची डिस्ट्रिक्ट क्लार्ककडे. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीत मात्र दोन्ही डिस्ट्रिक्ट क्लार्ककडेच असतात. खटल्याचा क्रमांक नसेल तर नाव आणि जन्मतारीख चालते. एफबीआयकडची आपली नोंद 18 डॉलर भरून मागवता येते, आणि ती आधी पाहणे शहाणपणाचे आहे, कारण जुन्या प्रकरणांत बऱ्याचदा अटक नोंदलेली असते पण निकाल नोंदलेला नसतो. अशा वेळी डीपीएस अर्जदाराकडूनच निकाल मागवते आणि अर्ज पडून राहतो. निकालपत्र, डिफर्ड पूर्ण झाल्याचा आदेश आणि खटला बंद केल्याचा कागद अर्जासोबतच जोडले तर हा वेळ वाचतो. शुल्क 40 डॉलर आहे, प्रशिक्षण चार ते सहा तासांचे आहे, आणि पूर्ण अर्ज मिळाल्यावर 60 दिवसांत निर्णय देणे विभागावर बंधनकारक आहे. पार्श्वभूमी तपासायला अधिक वेळ लागणार असेल तर तो कळवून वाढवता येतो, पण 180 दिवसांपलीकडे नाही.

तरीही नकाराचे पत्र आले, तर ते बाजूला ठेवू नका. पत्र मिळाल्यापासून 30 दिवसांत सुनावणीची लेखी मागणी करावी लागते. ही सुनावणी आपल्या राहत्या काउंटीतल्या जस्टिस कोर्टात होते. तिथे विभागाच्या निर्णयाला पुराव्याचा आधार आहे का, हे न्यायाधीश पाहतात; ज्युरी नसते. निकाल विरुद्ध गेला तर 30 दिवसांत काउंटी कोर्टात अपील करता येते आणि तिथे प्रकरण नव्याने ऐकले जाते. डिफर्डला चुकून दोषसिद्धी म्हणून नोंदवल्याची प्रकरणे साक्षांकित प्रत हातात असेल तर याच टप्प्यावर सुटतात. प्रत नसेल तर पक्षकार फक्त ‘मला तसे सांगितले होते’ असे म्हणत राहतो, आणि त्या म्हणण्याला न्यायालयात वजन नसते.

राहिला मेहुण्यांचा प्रश्न. ग्रीन कार्डधारकाला परवाना मिळू शकतो. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावरच्या व्यक्तीला, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर, केंद्रीय कायद्याने शस्त्र बाळगण्यासच बंदी आहे, हे आपल्या मंडळींतल्या तरुणांनी लक्षात ठेवावे. शूटिंग रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूलही त्याला अपवाद नाही. सांगलीच्या शिक्षेबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 2005 चा ‘स्मॉल विरुद्ध युनायटेड स्टेट्स’ हा निकाल आहे. जपानमध्ये शिक्षा झालेल्या माणसाच्या त्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की फेलनीवरच्या केंद्रीय शस्त्रबंदीत ‘कोणतेही न्यायालय’ म्हणजे अमेरिकेतले न्यायालय, परदेशातले नव्हे. टेक्सासच्या कायद्यातली फेलनीची व्याख्याही या राज्याच्या, इतर राज्यांच्या आणि अमेरिकेच्या कायद्यांबद्दल बोलते. त्यामुळे भारतातली ती जुनी शिक्षा स्वतःहून परवान्याच्या आड येऊ नये.

मात्र मेहुण्यांनी परवान्याआधी दुसऱ्या एका गोष्टीची काळजी करावी. इमिग्रेशन कायद्याचे निकष शस्त्र कायद्याहून वेगळे आहेत. तिथे परदेशातली शिक्षा मोजली जाते, टेक्सासचा पूर्ण झालेला डिफर्डही दोषसिद्धी धरला जातो, आणि शस्त्रासंबंधीचा गुन्हा हे ग्रीन कार्डधारकाला देशाबाहेर काढण्याचे स्वतंत्र कारण आहे. नागरिकत्वाच्या अर्जात जगात कुठेही झालेली अटक आणि शिक्षा विचारली जाते. ग्रीन कार्ड घेताना सांगलीचा खटला जाहीर केला होता की नाही, हे त्या वेळच्या अर्जाची प्रत काढून आधी पाहावे. केला नसेल, तर कोणत्याही सरकारी कार्यालयात नवे ठसे देण्यापूर्वी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्यावा, आणि तोपर्यंत पिस्तुलाचा विचार बाजूला ठेवावा.